लवणदुर्गाची पुरवणी

एकशे एकोणचाळीस माणसांच्या काळजात एकाच वाक्याला धस्स झालं, आणि ते मी केलं होतं!

रविवारची दुपार, चार वाजून बारा मिनिटं. समोरचा चहा पार गार झाला होता आणि मी खुर्चीवर मांडी घालून पडद्यावरच्या रेषा बघत होते. एकेक रेषा म्हणजे एकेक वाचक. कुणी नागपूरचा असेल, कुणी निपाणीचा, कुणी दुबईत बसलेला. सगळ्या रेषा संथ चाललेल्या, आणि ते वाक्य आलं की टुणकन उडायच्या. वाक्य साधंच होतं. ‘चित्रांगीने तटावरून खाली वाकून पाहिलं. होडी रिकामी होती.’ मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली. छत्तीस वर्षांची बाई, कराडच्या एका इस्पितळात हृदयरुग्णांचे ईसीजी काढणारी, घरात एकटी बसून उड्या मारतेय. कुणी पाहिलं असतं तर माझाच ईसीजी काढला असता.

रिकाम्या होडीने एवढं काय होतं, हे कळायला लवणदुर्ग माहीत हवा. यशोधन केळुसकरांच्या लवणदुर्गमालेचे चार खंड आहेत. भर समुद्रात एक किल्ला, तोही मिठाचा. चुन्याने नाही, माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांनी तो सांधलेला. कुणी शब्द मोडला की एक चिरा विरघळतो. किल्ला सांभाळणारी चित्रांगी, आणि तिच्या गलबतांचा म्होरक्या रुद्रोबा तांडेल. चौथ्या खंडाच्या शेवटी किल्ला वाचवायला रुद्रोबा आपल्या सगळ्या आठवणी समुद्राला देऊन टाकतो आणि धुक्यात निघून जातो. तिथे पुस्तक संपतं. त्याला नऊ वर्षं झाली. पाचवा खंड आलाच नाही, आणि केळुसकरांनी सगळ्यांशी बोलणंही टाकलं. ते कुठे राहतात, हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग आम्हीच लिहायला लागलो. दुसऱ्याच्या कथेत आपली कथा घालायची या प्रकाराला आम्ही ‘पुरवणी’ म्हणतो, आणि ती टाकतो त्या आमच्या संकेतस्थळाचं नावही तेच. परीक्षेत उत्तरपत्रिका संपते, पण पोराला अजून लिहायचं असतं, तेव्हा तो हात वर करून मागतो ना, तीच ती. केळुसकरांनी त्यांच्या शेवटच्या मुलाखतीत आमची पार सालटी काढली होती. ‘दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसून फोडणी देणारी माणसं,’ असं म्हणाले होते. आम्ही काय, कोडगेच. त्या दिवसापासून स्वतःला अभिमानाने फोडणीवाले म्हणवून घेऊ लागलो.

रेषांची गंमत आली ती नाडीपट्टीमुळे. दोन हजार पस्तीसच्या सुमारास या पट्ट्या निघाल्या आणि तीन वर्षांत जवळजवळ प्रत्येक वाचकाच्या मनगटावर बसल्या. मऊ रबराची पट्टी. तिच्यातला हिरवा दिवा कातडीखालून जाणारी रक्ताची लाट मोजतो, दोन बारीक ठिपके घाम मोजतात, आणि वाचायच्या पाटीवरचा कॅमेरा डोळा कोणत्या शब्दावर आहे अन् बाहुली किती मोठी झाली ते टिपतो. यामागचं शास्त्र मला फार आवडतं. वाचताना आपला मेंदू स्वस्थ बसत नाही. पुढे काय येणार, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज साफ चुकला की बाहुली विस्फारते, हाताला घाम सुटतो. हे होतं शब्द वाचल्यानंतर, साधारण सेकंदभराने. उलट, पुढचं आधीच ठाऊक असेल तर शरीर अगोदरच तयारीला लागतं. सुई टोचायच्या आधीच दंड आखडतो ना, तसं. तेव्हा रेषा वाक्याच्या आधी उचलली जाते. थोडक्यात, रेषा मागे राहिली तर वाचक चकित झालाय, आणि पुढे गेली तर त्याला गोष्ट ठाऊक आहे.

वाचकाचं नावगाव लेखकाला दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो; अभिप्राय लिहिला की मात्र त्याची रेषा ओळखता येते. आणि वाचकाला वाटेल तेव्हा पट्टी काढून ठेवता येते. एवढं सोडलं तर काहीही लपत नाही. पूर्वी खाली ‘मस्त गं!’, ‘पुढचा भाग लवकर टाक’ असं आलं की आम्ही खूश. आता ‘मस्त गं’ लिहिणारीची रेषा सपाट दिसते. किती मैत्र्या तुटल्या यात! माझी नि शमीमआपाची तुटता तुटता राहिली.

शमीम मुजावर, मिरजेच्या एका शाळेत गणिताच्या बाई. माझा प्रत्येक भाग आधी त्यांच्याकडे जायचा. पुरवणीच्या जगात अशा पहिल्या वाचकाला ‘चाळणी’ म्हणतात. कराड ते मिरज दोन तासांची वाट, पण तीन वर्षांत आम्ही समोरासमोर कधी भेटलो नव्हतो. एकदा त्यांनी माझ्या एका भागाचं तोंडभरून कौतुक केलं, मी त्यांची रेषा उघडली, तर कॅरमबोर्डासारखी सपाट. आठ दिवस मी फोन उचलला नाही. नवव्या दिवशी त्याच म्हणाल्या, ‘बरं बाई, रटाळ होता तो भाग. आता बोलशील का?’ त्यानंतर आपाने माझं खोटं कौतुक कधी केलं नाही, आणि मी बरं लिहायला लागले ते त्यानंतरच.

तर त्या रविवारी आपाचा फोन आला.

‘उत्तरा, चार हजार एकाहत्तर बघ.’

‘काय झालं त्याला?’

‘त्याची रेषा आधी उडलीय. होडी दिसायच्या आधी. तू “तटावरून” लिहिलंयस ना, तिथंच.’

मी बघितलं. खरंच होतं.

‘एखाद्या वेळी होतं असं, आपा.’

‘एखाद्या वेळी? मी तुझे मागचे सगळे भाग काढून बसलेय. धक्क्याच्या एकतीस जागा. त्यातल्या सत्तावीस ठिकाणी हा बाबा आधी. हे नशिबानं होत नाही. पेपर फुटलाय.’

माझं डोकंच फिरलं. आमच्यात चोरी चालते, भांडण चालतं, एकाच रुद्रोबाची चौघींशी चार लग्नं लावून दिलेलीही चालतात. पण गोष्ट आधी फोडणं हे महापाप. माझ्या खात्यात घुसून कुणीतरी कच्चे भाग वाचतोय, उद्या तो शेवट चव्हाट्यावर टाकेल, या विचाराने माझा तीळपापड झाला. पुरवणीवर आम्हा पाच जुन्या फोडणीवाल्यांची एक पंचायत आहे. तिथे मी सगळ्यात मोठ्याने ओरडले. पेपरफोड्याला हद्दपार करा!

नियमाप्रमाणे त्याला खुलाशासाठी तीन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. ‘त त त त त त त’. पाटीभर नुसतं तेच, अकरा ओळी. पंचायतीतला एक जण म्हणाला, ‘वेडावतोय आपल्याला.’ पाचही हात वर झाले. ४०७१ हद्दपार.

पुढच्या रविवारी मी नवा भाग टाकला. रेषा उडाल्या, पण मला मजा आली नाही. माझा डोळा सारखा त्या मोकळ्या जागेकडे जात होता.

मंगळवारी इस्पितळात उंब्रजचे एक आजोबा आले. मी छातीला तारा जोडल्या, कागद सरकू लागला, आणि त्यावर ठोके कसेही पडलेले. दोन जवळ, एक लांब, पुन्हा तीन जवळ. असे रुग्ण आमच्याकडे रोज दोन-तीन येतातच. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथे साकळतं, आणि एखादी गुठळी मेंदूकडे गेली की झटका येतो.

‘कसं वाटतंय, आजोबा?’ मी सवयीने विचारलं.

‘बा बा बा,’ आजोबा म्हणाले.

‘बोलता येत नाही त्यांना, ताई,’ त्यांची सून म्हणाली. ‘दोन वर्षं झाली झटक्याला. कळतं सगळं, पेपरबी वाचत्यात हळूहळू. पर कायबी बोलाय गेलं की तेवढंच निघतंय. लिवाय दिलं तरी तेच.’

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. कशीबशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवून मी जिन्यात जाऊन बसले आणि ४०७१ ची जुनी नोंद उघडली. त्याची नाडी यंत्राने ‘सदोष’ म्हणून बाजूला टाकली होती आणि रेषा फक्त डोळ्यावरून नि घामावरून काढली होती. मी ती टाकून दिलेली नाडी पाहिली. दोन जवळ, एक लांब, तीन जवळ. पट्टीत दोष नव्हता. माणूस आजारी होता.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मूळ खर्ड्यात होडी रिकामी नव्हतीच. तिच्यात रुद्रोबाचं पागोटं होतं. भाग टाकायच्या दहा मिनिटं आधी मी ते काढून टाकलं. आपालाही सांगितलं नव्हतं. जे कागदावरच नव्हतं ते कुणी चोरणार कसं?

मी आपाला फोन लावला. त्यांचा तास चालू होता, तरी उचलायला लावला.

‘आपा, त्याने माझं काहीही वाचलं नव्हतं. त्याला माझी गोष्ट माहीत नाही. त्याला मूळ गोष्ट माहीत आहे!’

पलीकडे पोरांचा गलका. मग आपाचा अगदी बारीक आवाज.

‘या अल्ला. उत्तरा, आपण केळुसकरांनाच हाकललं?’

पंचायतीला मी त्याच दुपारी हद्दपारी मागे घ्यायला लावली. पण नुसत्या क्रमांकावरून माणूस शोधायचा कसा? शोधायचा नसतोच, तसा नियमच आहे. त्याने आपण होऊन हात वर केला तरच ओळख. आणि इथे तर माणसाला बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. वाचता मात्र येत होतं! मी फक्त ४०७१ साठी एक पान लिहिलं. त्यावर एकच ओळ होती: ‘लवणदुर्ग तुम्ही लिहिलात का? होय असेल, तर ही ओळ पुन्हा वाचा.’

संध्याकाळी सहाला पान उघडलं गेलं. डोळा ओळीवरून सावकाश सरकत शेवटपर्यंत गेला. थांबला. पुन्हा पहिल्या शब्दावर आला. एकदा नाही, चार वेळा वाचली ती ओळ! मी हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. लगेच दुसरी ओळ लिहिली: ‘आम्ही तुम्हाला पेपरफोड्या म्हणालो. पाया पडून माफी मागते.’ खाली माझा फोन नंबर दिला. ती ओळ त्यांनी सात वेळा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वयस्कर बाईंचा खणखणीत आवाज.

‘मी इंदुमती केळुसकर, वेंगुर्ल्याहून बोलतेय. काय लिहिलंत हो तुम्ही यांना? कालपासून हसतायत. झटका आल्यापासून आठ महिन्यांत हसले नव्हते. कधी येताय, तेवढं सांगा.’

मे महिना लागला, आपाच्या शाळेला सुट्टी पडली. मी आठ दिवसांची रजा टाकली. कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही दोघी पहिल्यांदा भेटलो. आपा माझ्या कल्पनेपेक्षा वीतभर बुटक्या निघाल्या आणि मी त्यांच्या कल्पनेपेक्षा जाड. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत आमचं तोंड मिटलं नाही.

कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, आणि पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत यशोधन केळुसकर. उजवा हात मांडीवर पडलेला, पण डोळे असे की माझी पिशवी खांद्यावरच राहिली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात मी या माणसाशी किती भांडले होते! वाकून नमस्कार करायला गेले, तर त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं आणि माझ्या पिशवीतल्या पाटीकडे बोट दाखवलं.

‘नवीन काही आणलंय का, विचारतायत,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. मग आम्हाला आत नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, ‘दुसरा झटका कधीही येऊ शकतो, म्हणतायत डॉक्टर. पाचव्या खंडाचा घरात एक कागद नाही. सगळं त्यांच्या डोक्यात आहे. तुम्हाला त्यांच्या मनातलं दिसतं ना त्या यंत्रात? मग तेवढं बाहेर काढा. ते गेले की गोष्टही जाईल हो.’

एवढी मोठी गोष्ट माझ्या ओंजळीत! आनंदाने छाती फुटायची वेळ आली, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. कुणाच्या डोक्यातलं असं उचलून घ्यायचं का? मी पडवीत गेले आणि त्यांच्यासमोर पान ठेवलं. ‘तुमच्या मनातला पाचवा खंड आम्ही रेषेवरून शोधावा का? नको असेल, तर पट्टी काढून टाका.’

त्यांनी पान वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग मनगट तोंडाशी नेलं आणि पट्टीचं टोक दातांत धरून ती आणखी एक भोक आवळली.

रीत आपाने बसवली. गोष्टीला फाटा फुटेल तिथे मी तीन वेगळ्या वाटा लिहायच्या, प्रत्येकी दहा-बारा ओळी. केळुसकरांनी तिन्ही वाचायच्या. ज्या वाटेवर रेषा वाक्याच्या पुढे धावेल ती त्यांची वाट. खात्रीसाठी तीच वाट दुसऱ्या शब्दांत पुन्हा द्यायची. आपा चौकोनांच्या वहीत आकडे मांडत. सकाळी सातला आम्ही बसायचो, ते दमले की थांबायचो, ऊन उतरलं की पुन्हा.

काय ते सहा दिवस! किल्ल्यातला फितूर कोण, यावर पुरवणीवर नऊ वर्षं मारामाऱ्या झाल्या होत्या. मला ते बुधवारी दुपारी पावणेबाराला कळलं. समुद्राने रुद्रोबाच्या आठवणी कुठे ठेवल्या, ते गुरुवारी. आपा चक्क टाळ्या पिटत होत्या. केळुसकरही रंगात आले होते. एखादी वाट मूर्खासारखी वाटली की ‘त त त!’ करून पाटी ढकलून देत. माझ्याच तीन वर्षांच्या पुरवणीतल्या एका प्रसंगाला त्यांनी अशी ढकलली, तेव्हा मी रुसले, तर आपल्या बशीतला काजूगर माझ्या बशीत टाकला.

शनिवारी शेवटाला पोचलो. मी तीन वाटा लिहिल्या. पहिली माझी लाडकी, जिच्याकडे मी तीन वर्षं चालले होते: रुद्रोबा परत येतो, त्याला सगळं आठवतं. तिथे रेषा जराशी पुढे गेली. म्हणजे हे त्यांनी योजून सोडून दिलं होतं. दुसरीला काहीच नाही. तिसरीला रेषा सरळ पुढे पळाली: रुद्रोबाचं गलबत किल्ल्यासमोरच बुडतं, चित्रांगी किल्ला राखायचा शब्द पाळत तटावर उभी राहते, आणि ज्याच्यासाठी राखला तोच उरत नाही असा किल्ला उभा राहतो.

मला रडूच कोसळलं. पण शेवट त्यांचा होता. दुपारभर खपून मी तो पूर्ण प्रसंग लिहिला, जीव ओतून लिहिला. शेवटचं वाक्य टाकलं आणि पाटी त्यांच्यासमोर ठेवली.

रेषा सपाट होती.

पुढे नाही, मागे नाही. ओळीमागून ओळ जात होती आणि पडद्यावर नुसती आडवी रेघ. वाचून संपल्यावर केळुसकरांनी दातांनी पट्टी सोडली, ती टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

‘कुठे चुकलं आमचं?’ मी इंदुमतीबाईंना विचारलं.

त्यांनी पदराला हात पुसले. ‘तुमचं नाही चुकलं. आजारी पडण्याआधी सात वर्षं लिहीत होते. पूर्ण करायचे, एकदा वाचायचे आणि न्हाणीच्या चुलीत घालायचे. मला वाचू देत नसत. पण जाळताना तोंड असंच करायचे.’ मग म्हणाल्या, ‘आणि तुम्हा लोकांचं सगळं वाचायचे. शिव्या घालत वाचायचे. “हे ठाऊक आहे, हेही ठाऊक आहे,” म्हणायचे. तरी दर रविवारी चारला वाचायला बसायचे.’

मी पायरीवर बसले. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आमच्यातच येऊन बसत होता, जे त्याला ठाऊक नाही असं काहीतरी कुणी सांगेल म्हणून. आणि मी काय केलं? त्याच्या छातीला तारा लावून कागद काढला. मी इथेही ईसीजीच काढत होते.

‘उद्या तुझी रजा संपते,’ आपा म्हणाल्या. ‘हे जे आहे ते खरं आहे, उत्तरा. त्यांचंच आहे. पुरवणीवर टाकलंस तर लोक डोक्यावर घेतील. खुद्द केळुसकरांचा शेवट!’

‘आणि ते?’

आपाने आकड्यांची वही मिटली. दोघींनाही माहीत होतं. हा शेवट छापला तर केळुसकर लवणदुर्गाकडे पुन्हा वळून पाहणार नव्हते.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. इंदुमतीबाई खारातल्या आंब्यांची बरणी भरत होत्या. अख्ख्या कैऱ्या, वर मिठाचं दाट पाणी. सगळ्या कैऱ्या वर येऊन एकमेकींना ढुशा देत होत्या. बाईंनी एक धुतलेला चपटा दगड घेतला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

‘दगड कशाला?’

‘मग काय करू? एवढं मीठ घातल्यावर बुडतात होय त्या? दाबून ठेवावं लागतं.’

मी दगडाकडे बघत राहिले. मग बाईंना न विचारताच तो उचलला. डुबुक डुबुक करत सगळ्या कैऱ्या वर आल्या.

‘अहो, काय करताय?’

‘किल्ला मिठाचा आहे!’ मी ओरडले. ‘सबंध किल्ला मिठाचा आहे, बाई!’ आणि पाणी न पिताच पडवीकडे धावले.

दीड तास मी मान वर केली नाही. चित्रांगी तटावर उभी आहे. समोर रुद्रोबाचं गलबत बुडालंय. शब्द पाळला तर किल्ला राहील. ती शब्द मोडते. आपणहून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोडते. मग तिच्या शेजारचा पहारेकरी आपला शब्द मोडतो, मग गोलंदाज, मग मुदपाकखान्यातल्या बाया. बुरूज ढासळतात, तट ढासळतो, डोंगराएवढं मीठ समुद्रात उतरतं. माणसं फळ्यांना धरून वाट बघतात. पाणी जड होतं, पांढुरकं होतं. आणि मग समुद्राला काहीही तळाशी ठेवता येत नाही. आधी एक डोलकाठी वर येते. रुद्रोबाचं गलबत, आणि त्याच्या नाळेवर, पार पुढच्या टोकाला, खोकत उठून बसणारा रुद्रोबा. त्याच्यामागून दुसरं गलबत. मग चार खंडांत बुडालेली सगळी, शेवाळलेली, शिंपल्यांनी मढलेली, एकामागून एक.

पाटी केळुसकरांसमोर ठेवली. आपाने टेबलावरची पट्टी उचलली, तर मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी ती काढून ठेवली होती. पडदाही मी बंद केला.

ते आधी बघेचनात. इंदुमतीबाई म्हणाल्या, ‘अहो, पोरगी उद्या जायची आहे. वाचा तरी.’ तेव्हा त्यांनी मान वळवली.

चित्रांगी शब्द मोडते तिथे त्यांच्या कपाळाला आठी पडली. किल्ला ढासळताना ओठ आवळले गेले. मला वाटलं, आता पाटी ढकलणार. बोट पुढच्या पानावर सरकलं. डोलकाठी वर आली. ते वाचून पुढे गेले, तीन-चार शब्द पुढे गेले, आणि मग थांबले. डोळे मागे आले. डावा हात उठून तोंडावर गेला. केळुसकरांच्या घशातून एक आवाज निघाला, तो ‘त’ नव्हता, कुठलंच अक्षर नव्हतं. इंदुमतीबाई धावत आल्या, तर त्यांना हाताने बाजूला सारलं. आड येऊ नका, वाचतोय.

एक गलबत. दुसरं. सगळी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांना सवड नव्हती.

शेवटची ओळ झाली. त्यांनी बोट फिरवलं. पान सरकलं नाही. पुन्हा फिरवलं, जोराने. पाटी उचलून हलवली.

‘संपलं, सर,’ मी म्हटलं. ‘एवढंच आहे. हा शेवट आहे.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. रागाने मूठ टेबलावर आपटली. पाटीवरच्या रुद्रोबाच्या नावावर बोट ठेवलं, मग माझ्या छातीकडे रोखलं, मग पुन्हा त्या नावावर. त्याला आठवतं की नाही? चित्रांगीला ओळखतो की नाही? एवढी माणसं वर आली, ती राहणार कुठे? नऊ वर्षं आम्ही हजारो जण ज्या डोळ्यांनी या माणसाच्या दाराकडे बघत होतो, त्याच डोळ्यांनी तो माझ्याकडे बघत होता.

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘आईशप्पथ, सर, मला अजून माहीत नाही.’

केळुसकरांनी डाव्या हाताने शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर थाप मारली.

मी बसले आणि लिहायला लागले.